आडरानांतील पीक

पावसाळा सरूं लागला म्हणजे वर्तमानपत्रांच्या आंतील पानांवर एक लहानशी बातमी दरसाल येऊं लागते. अमुक तालुक्यांत तुरीच्या किंवा कपाशीच्या उभ्या पिकांत गांजाचीं झाडें लावलेलीं पोलिसांस आढळलीं, तीं उपटून जप्त करण्यांत आलीं, वजन इतके किलो भरलें व शेतमालकास अटक झाली. धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्यांतून, सातपुड्याच्या पायथ्याकडील वनजमिनींवरून, अशी बातमी इतक्या वेळां आली आहे कीं तिचें नवल आतां कोणासच वाटत नाहीं. आपण ती वाचतों, 'काय लोक आहेत!' असें म्हणतों आणि पान उलटतों. आम्हींही कित्येक वर्षें हेंच केलें. परंतु इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला एक खोड जडलेली असते. एखादी वस्तु लपविलेली दिसली कीं, ती पूर्वीं उघड्यावर होती काय, आणि असल्यास केव्हां व कोणामुळें लपली, हा प्रश्न त्याच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें आमच्या परीनें शोधलेलें उत्तर होय.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. आम्ही गांजाची वकिली करावयास बसलेलों नाहीं. कोंवळ्या वयांत नित्य ओढलेला गांजा मनाची घडी विसकटवूं शकतो, कित्येकांच्या ठिकाणीं तो वेडाच्या विकारास निमित्त होतो, हें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. आणि ज्या घरावर अशी आपत्ति आली आहे त्या घराला शास्त्राच्या दाखल्याची जरूरी नाहीं. पण एखाद्या पदार्थाचें सेवन अहितकर असणें ही एक गोष्ट आणि त्याच्या पिकाचा इतिहास जाणून घेणें ही दुसरी. अफूला वगळून जसा माळव्याचा किंवा चीनचा इतिहास लिहितां येत नाहीं, तसाच कायदा व शेती यांचा परस्परांवर काय परिणाम होतो हें पाहावयाचें असेल तर गांजाच्या पिकास वगळून चालत नाहीं.

प्रथम झाडाविषयीं दोन शब्द. भांग, गांजा आणि चरस हीं नांवें आपल्याकडे सरमिसळ वापरलीं जातात; पण तीं एकाच वनस्पतीच्या तीन निरनिराळ्या अंगांचीं नांवें आहेत. पानें ती भांग. मादी झाडाचे राळेनें माखलेले फुलोरे तो गांजा. आणि ती राळच वेगळी काढली म्हणजे चरस. लिनीअसनें १७५३ सालीं या वनस्पतीस शास्त्रीय नांव दिलें; पुढें १७८५ सालीं लामार्क यानें हिंदुस्थानांतील नमुने पाहून येथील झाड युरोपांतील दोरखंडाच्या झाडाहून निराळें ठरविलें व त्यास 'इंडिका' हें विशेषण जोडलें. या झाडाचे दोन गुण पुढील सर्व हकीकतीच्या मुळाशीं आहेत. पहिला असा कीं, यांत नर व मादी हीं झाडें वेगळालीं असतात आणि नराचा पराग वाऱ्यावरून दूरवर जातो. मादीवर पराग पडला म्हणजे तिची शक्ति बीं धरण्याकडे वळते व राळ कमी होते. दुसरा गुण असा कीं, या झाडाचें घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतें. दिवस लहान होऊं लागल्याखेरीज तें फुलत नाहीं. ही गोष्ट तुर्न्वा नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ च्या सुमारास प्रयोगानें दाखविली. शेतकऱ्यांना ती त्यापूर्वींच अनुभवानें ठाऊक असली पाहिजे.

आतां उघड्या शेताकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यांत गांजाचें पीक सरकारी परवान्यानें, सर्वांच्या डोळ्यांदेखत निघत असे. १८७८ च्या अबकारी कायद्यानें त्यावर देखरेख होती, आणि या पिकाचें इलाख्यांतील मुख्य ठिकाण तेव्हांचा अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर जिल्हा हें होतें. हें वर्गांत सांगितलें म्हणजे विद्यार्थी हसतात. त्यांतला एखादा नगरकडचा असला तर तो जरासा ओशाळतो. ओशाळण्याचें कारण नाहीं. ज्वारीबाजरी लावणारा कुणबीच परवाना काढून हेंही पीक लावी, आणि सरकार त्यावर कर घेई.

या व्यवहाराची जितकी बारकाईनें चौकशी झाली तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या पिकाची झाली असेल. १८९३ च्या मार्च महिन्यांत केन नांवाच्या सभासदानें ब्रिटिश पार्लमेंटांत या विषयाला तोंड फोडलें, आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें हिंदुस्थान सरकारनें सात जणांचें कमिशन नेमलें. अध्यक्ष मॅकवर्थ यंग हे होते व तीन सभासद हिंदी होते. कमिशननें देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ सालीं अनेक खंडांचा अहवाल सादर केला. त्याचा निष्कर्ष असा कीं, अतिरेक घातक आहे, माफक सेवनापासून सामान्यतः म्हणण्यासारखी हानि दिसत नाहीं, आणि म्हणून पिकावर संपूर्ण बंदी घालणें जरूरीचेंही नाहीं व शहाणपणाचेंही नाहीं. परवाना, मर्यादित क्षेत्र आणि कर हाच मार्ग बरा. या मतांत कराच्या उत्पन्नाचा लोभ मुळींच नव्हता असें कोणीं समजूं नये. तरीही बंदी केली असतां लोक याहून वाईट पदार्थांकडे वळतील, ही त्या सभासदांची भीति अगदींच निराधार नव्हती.

कमिशनच्या अहवालांत, आणि त्यापूर्वीं १८७७ सालीं हेमचंद्र कर यांनीं केलेल्या चौकशींत, ज्या मुलखाचें वर्णन विस्तारानें आलें आहे तो बंगालमधील नौगांवचा टापू होय. राजशाही, दिनाजपूर व बोगरा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथें मिळत तेथें हा 'गांजा महाल' पसरलेला होता. आज तो बांगला देशांत आहे. पिकाची मोजदाद होई, माल सरकारी देखरेखीच्या गोल्यांत, म्हणजे वखारींत, ठेवला जाई, व कर भरल्यावर बाहेर पडे. चपटा, गोल व चूर असे मालाचे प्रकार असत आणि त्यांवरील कराचे दर निरनिराळे असत. १९१७ सालीं येथील शेतकऱ्यांनीं आपली सहकारी संस्थाही काढली. आपल्याकडील साखर कारखान्यांचें सहकारी युग सुरू होण्यापूर्वीं तीसेक वर्षें गांजाची सहकारी संस्था चालू होती, ही गोष्ट सहकाराच्या अभ्यासकांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे.

पण नौगांवच्या हकीकतींत आमचें मन खरें गुंतलें तें एका कसबी माणसांत. त्याला 'पोद्दार' म्हणत. इंग्रज अधिकारी त्याला थट्टेनें 'गांजाचा डॉक्टर' असें म्हणत. फुलोरा धरण्याच्या सुमारास शेतकरी त्याला मजुरी देऊन बोलावी. तो ओळीओळींतून फिरे, नर झाडें ओळखी व उपटून टाकी. एक नर डोळ्यांआड राहिला तर त्याचा पराग साऱ्या शेतावर पसरे व माल हलक्या भावाचा होई. म्हणून त्याची नजर हीच शेतकऱ्याची पुंजी. हें कसब शाळेंत शिकवीत नसत. पण तें चोरून शिकावें असेंही नव्हतें. पोद्दार आपल्या कसबाचे पैसे दिवसाउजेडीं घेई, आणि सरकारी अहवाल त्याच्या कामाचें वर्णन एखाद्या सुताराच्या किंवा सोनाराच्या कामासारखेंच करतो.

हें उघडें शेत विसाव्या शतकांत हळूहळू मिटत गेलें. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या करारानें, ज्या देशांत गांजाचें सेवन परंपरेनें चालत आलें होतें त्यांनाही तें बंद करण्यास २५ वर्षांची मुदत घालून दिली. ती सरत आली तेव्हां, १९८५ सालीं, आपल्याकडे अंमली पदार्थांचा कडक कायदा झाला. त्यांत पानांची भांग व्याख्येबाहेर राहिली. गांजाच्या लागवडीस मात्र त्या कायद्यान्वयें आतां दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. बांगला देशानें १९८७ सालीं नौगांवचें पीक थांबविलें. पोद्दाराचा धंदा बुडाला, आणि जें पीक वखारींत मोजलें जात होतें त्यानें आडरानाची वाट धरली.

आडरानांत गेल्यावर पिकाचें काय होतें? याचा सविस्तर इतिहास आपल्या सातपुड्यांत सांपडत नाहीं. कारण तेथें बातमी छापली जाते, पण तिच्या मागची हकीकत कोणी लिहीत नाहीं. तो जेथें बराचसा सांपडतो असा मुलूख म्हणजे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया संस्थानाचा उत्तर भाग. हंबोल्ट, मेंडोसिनो व ट्रिनिटी हे तेथील तीन डोंगराळ परगणे. त्यांना मिळून 'पाचूचा त्रिकोण' असें नांव पडलें आहे. येथील रेडवुडचीं प्रचंड झाडें तोडून लांकडाचा धंदा ओसरत चालला होता, तोडलेल्या रानाची जमीन स्वस्त होती, आणि १९६० नंतरच्या वर्षांत सॅन फ्रॅन्सिस्कोकडील शहरी, सुशिक्षित तरुण स्त्रीपुरुष 'पुन्हां मातीकडे' म्हणत तेथें जाऊन राहिले. कॅलिफोर्नियांत गांजावर १९१३ पासूनच बंदी होती व १९३७ पासून मध्यवर्ती सरकारचाही कायदा होता. या मंडळींनीं पहिलीं रोपें लावलीं तीं स्वतःपुरतीं, बहुधा मेक्सिकोहून आलेल्या मालांत सांपडलेल्या बियांपासून.

येथेंच झाडाच्या घड्याळाची अडचण पुढें आली. मेक्सिकोच्या दक्षिण भागांतील वाण सतराअठरा अंशांवरचे, म्हणजे जवळजवळ आपल्या कोंकणाच्याच अक्षांशावरचे. हंबोल्ट चाळीसाव्या अंशावर. तेथें तीं झाडें उंचच उंच वाढत. पण फुलोरा पिकण्यापूर्वीं शरदऋतूचा पाऊस गांठी व सगळें कुजून जाई. याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. १९७५ नंतर मेक्सिकोच्या सरकारनें अमेरिकेच्या मदतीनें तेथील पिकावर विमानांतून पॅराक्वाट हें विष फवारण्यास आरंभ केला. १९७८ सालीं त्याची वार्ता अमेरिकेंत पसरतांच लोक मेक्सिकोच्या मालास भिऊं लागले व देशी मालास एकाएकीं मोल आलें. दुसरी गोष्ट अशी कीं, इस्तंबूलहून काबूलमार्गें आपल्या गोव्यापर्यंत येणारे जे तरुण प्रवासी त्या दशकांत आपणही पाहिले, त्यांच्यापैकीं कांहींनीं परततांना अफगाणिस्तानांतील बीं नेलें. हिंदुकुशाचें झाड ठेंगणें, रुंद पानांचें, राळेनें दाट आणि लवकर पिकणारें. कारण त्या डोंगरांत थंडी लवकर येते.

या दोन वाणांचा संकर डोंगरांतल्या त्या लहान लहान वाफ्यांतून सुरू झाला. करणारे कोणी शेतकी महाविद्यालयांतले नव्हते. कोणी चित्रकार, कोणी शिक्षक, कोणी शिक्षण अर्धवट सोडलेले. नर वेळींच काढून मादीला बीं धरूं द्यावयाचें नाहीं, हें तंत्रही त्यांनीं उचललें व त्या मालाला 'बिनबियांचा' अशा अर्थाचें 'सिन्सेमिया' हें स्पॅनिश नांव दिलें. अमेरिकेंत तें नवें वाटलें. नौगांवच्या पोद्दाराला तें ऐकून हसूं आलें असतें.

१९८३ सालीं या कथेंत आकाश आलें. त्या वर्षीं कॅलिफोर्निया सरकारनें मध्यवर्ती खात्यांच्या साहाय्यानें पिकाविरुद्ध मोहीम उघडली; हेलिकॉप्टरें सबंध उन्हाळाभर डोंगरांवरून फिरूं लागलीं आणि पहिल्याच मोसमांत साठ हजारांवर झाडें उपटलीं गेलीं. १९९० सालीं तर किंग रेंजच्या डोंगरांत सैन्याच्या तुकड्या उतरल्या. जमिनीवरून दिसणार नाहीं अशी जागा शोधणारास आतां वरून दिसणार नाहीं अशी जागा शोधणें भाग पडलें. मोठीं शेतें मोडलीं. एकेक दोनदोन झाडें झुडुपांच्या आडोशानें, उतारांवर विखुरलीं गेलीं.

या पाठशिवणींतून कायद्याचे कांहीं संस्मरणीय निकाल जन्मास आले. १९८४ सालीं केंटकी संस्थानांतील एका शेतकऱ्याचें प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. त्याचें शेत घरापासून मैलाहून अधिक दूर, चहूंकडून झाडीनें वेढलेलें, आणि फाटकावर 'प्रवेशास मनाई' अशी पाटी. पोलिस वॉरंटावांचून आंत शिरले होते. न्यायालयानें ठरविलें कीं, घरालगतच्या अंगणाला जें खासगीपणाचें संरक्षण आहे तें उघड्या शेताला नाहीं, मग तें कितीही लपलेलें असो. दोन वर्षांनीं याहून विलक्षण प्रकरण आलें. कॅलिफोर्नियांतील एका गृहस्थानें परसांत गांजा लावून भोंवतीं ६ फूट व १० फूट उंचीचीं दोन कुंपणें घातलीं होतीं. पोलिसांनीं विमान भाड्यानें घेऊन १००० फुटांवरून आंत पाहिलें व नंतर ७३ झाडें जप्त केलीं. पांच विरुद्ध चार मतांनीं न्यायालय म्हणालें कीं, आकाश सार्वजनिक आहे. तेथून जें दिसतें तें पाहण्यास वॉरंट नको. गांजाच्या त्या ७३ झाडांमुळें सज्जन मनुष्याच्या परसावरील आकाशही सार्वजनिक ठरलें, हें आमच्या मध्यमवर्गीय वाचकांनीं लक्षांत ठेवावें. ज्या नियमानें चोराचें कुंपण निकामी होतें त्यानें साधूचेंही होतें.

आतां लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. कोणत्याही पिकाचा वाण निवडीनें घडतो. आपल्या आजोबापणजोबांच्या काळीं शेतकरी ज्वारीचीं भरदार कणसें निवडून आढ्याला टांगून ठेवी व पुढील सालीं तेंच बियाणें पेरी. ज्वारीला ज्वारीपण आलें तें अशा शेंकडों पिढ्यांच्या निवडीनें. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत निवड करणारे दोघे होते. एक वाफ्यांत बसलेला शेतकरी आणि दुसरा वरून फिरणारा वैमानिक. उंच झाड दिसे, म्हणून तें उपटलें जाई. ठेंगणें राही, आणि त्याचें बीं पुढें जाई. उशिरा पिकणारें झाड पाऊस व धाड या दोहोंच्या तावडींत सांपडे. लवकर पिकणारें सुटे. वाफा लहान झाला, धोका मोठा झाला, तेव्हां एकेका झाडानें अधिक मोल द्यावें हें ओघानेंच आलें. म्हणून अधिक राळेचें व अधिक तीव्र झाड निवडलें गेलें. ज्या कायद्यानें या वनस्पतीचा नाश योजिला होता, त्याच कायद्यानें दहावीस वर्षांत तिचा असा वाण सिद्ध केला कीं, तो परवान्याच्या युगांत शेतकऱ्यास सुचण्याचें कारणच नव्हतें. अमेरिकेंत जप्त झालेल्या मालांतील मादक द्रव्याचें प्रमाण १९९५ सालीं सरासरी शेंकडा ४ होतें. २०१४ सालीं तें शेंकडा १२ च्या आसपास गेलें. या वाढीचीं कारणें अनेक आहेत, घरांत दिव्याखालीं होणारी लागवड हेंही त्यांतलें एक. पण घरांत व दिव्याखालीं जावें कां लागलें, याचेंही उत्तर शेवटीं आकाशांतच सांपडतें.

हा न्याय आपल्याला अपरिचित नाहीं. मुंबई इलाख्यांत १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाला, आणि त्यापाठोपाठ हातभट्टीचा धंदा गल्लोगल्लीं कसा माजला हें आमच्या पिढीनें वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलें आहे. लपवून न्यावयाची वस्तु थोडक्या आकारांत अधिक जोराची असावी लागते. ताडीचा मटका लपविणें कठीण. जळजळीत दारूची रबरी पिशवी पदराखालीं नेतां येते. बंदी वस्तूला नाहींशी करते कीं नाहीं हा वादाचा प्रश्न आहे. पण ती वस्तूला आंवळते व उग्र करते, याविषयीं इतिहासाची साक्ष बरीच एकमुखी आहे.

पाठलागाचे दुसरेही परिणाम झाले. १९८४ च्या एका कायद्यानें ज्याच्या जमिनींत असें पीक सांपडेल त्याची जमीनच जप्त करण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास मिळाला. स्वतःच्या जमिनींत लावणें असें जोखमीचें झाल्यावर पीक कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या, म्हणजे सर्वांच्या मालकीच्या, सरकारी अरण्यांत शिरलें. पहिल्या पिढीच्या लोकांना निदान आपल्या ओढ्याची व आपल्या मातीची चाड होती. पुढें अरण्यांत जे शिरले त्यांना ती असण्याचें कारण नव्हतें. ओढे अडवून रबरी नळ्यांनीं पाणी नेलें गेलें, आणि रोपें कुरतडणाऱ्या उंदीरघुशींसाठीं विष पसरलें गेलें. पाणमांजराच्या कुळांतला फिशर नांवाचा एक दुर्मिळ प्राणी त्या रानांत आहे. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत कॅलिफोर्नियांत मेलेल्या ५८ फिशरांपैकीं ४६ जणांच्या शरीरांत उंदरांचें विष सांपडलें. आणि एवढें करून मोहिमेनें साधलें काय? पहिल्या वर्षीं साठ हजारांवर झाडें उपटणाऱ्या त्याच मोहिमेनें २००९ सालीं चाळीस लाखांवर झाडें उपटलीं. उपटलेल्या झाडांची संख्या हें यशाचें माप मानावें कीं अपयशाचें, हें वाचकांनींच ठरवावें.

पुढील भाग थोडक्यांत सांगतों. १९९६ सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं औषधासाठीं व २०१६ सालीं सर्व प्रौढांसाठीं गांजाला मुभा दिली. २०१८ पासून परवानाधारक दुकानें सुरू झालीं. त्रिकोणांतल्या जुन्या लोकांनीं आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस उगवला, आणि त्यानेंच त्यांना बुडविलें. १९८० नंतरच्या काळांत ज्या मालाला पौंडामागें दोनतीन हजार डॉलर येत, त्याचा भाव २०२२ च्या सुमारास कित्येकांना पांचशे डॉलरही येईना. ती किंमत झाडाची नव्हती, लपविण्याची होती. लपविण्याची गरज सरतांच, सपाट मैदानांतले भांडवलवाले मोठे शेतकरी पुढें आले. डोंगरांतल्या वाफ्याचें एकमेव बळ त्याचा आडोसा. दिवसाउजेडीं तो आडोसाच अडचण ठरला.

बियाचा प्रवास मात्र थांबला नाहीं. या डोंगरांत घडलेले संकर १९८० नंतर हॉलंडला गेले, तेथील व्यापाऱ्यांनीं त्यांची बियाणीं जगभर विकलीं, आणि जेथून मूळ बीं आलें होतें त्या जुन्या मुलखांतही तीं परत शिरलीं. मोरोक्कोच्या रीफ पर्वतांत पिढ्यान्‌पिढ्या 'बेल्दिया', म्हणजे गांवठी, वाण होता. कमी पाण्यावर येणारा. भरघोस पीक देणाऱ्या पण पाणी पिणाऱ्या परक्या संकरांनीं त्याला मागें सारलें. २०२१ सालीं त्या देशानें औषधी व औद्योगिक उपयोगासाठीं लागवडीस परवानगी दिली, आणि आतां सरकारच बेल्दियाची कड घेऊं लागलें आहे. गांवठी कपाशी व गांवठी ज्वारी यांची कथा जाणणाऱ्या आमच्या वाचकांस यावर अधिक भाष्य नको.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्यानें आम्हांस एक खंत बोलून दाखवावीशी वाटते. नौगांवच्या शेतकऱ्याविषयीं आपल्यापाशीं हजारों पानें आहेत. तो काय पेरी, पोद्दाराला केव्हां बोलावी, वखारींत किती माल घाली, सर्व नोंदलेलें आहे. आडरानांतल्या शेतकऱ्याविषयीं जें आहे तें त्याच्या पाठलाग करणाराच्या हातचें: धाडीची यादी, जप्तीचें वजन, न्यायालयाचा निकाल. त्याची स्वतःची वही नाहीं. असली तर ती त्यानें जाळली असेल. कोणता नर कोणत्या मादीशीं जुळविला, कोणत्या सालीं कोणतें झाड राखलें, हें सारें ज्ञान तोंडातोंडीं चाललें व पुष्कळसें माणसांबरोबर गेलें. उरलें आहे तें झाड. त्याची ठेंगणी चण, त्याची घाई, त्याची तीव्रता यांत त्याच्या पाठलागाचा वृत्तांत कोरलेला आहे. वाचावयाचा असेल त्यानें तेथेंच वाचावा.

आणि आतां पुन्हां त्या तुरीच्या शेताकडे. २०२० च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें या वनस्पतीस सर्वांत कडक यादींतून काढलें, व त्या ठरावाच्या बाजूनें हिंदुस्थाननेंही मत दिलें. उत्तराखंडांत २०१८ पासून मादक द्रव्य नसल्यासारख्या वाणाची लागवड परवान्यानें होऊं लागली. पण गांजाविषयींचा आपला कायदा कायम आहे. तो सैल करावा कीं अधिक आंवळावा, हें ठरविण्याचा अधिकार इतिहासाच्या प्राध्यापकाचा नव्हे. आमचें मागणें लहान आहे. पुढील खेपेस ती बातमी दिसेल तेव्हां वाचकांनीं ती जरा सावकाश वाचावी. वजन किती भरलें हें त्या बातमींत असतें. त्या शेतकऱ्यावर कर्ज किती होतें, बियाणें त्याच्या हातांत कोणीं ठेवलें, माल कोण नेणार होता आणि भावांतला किती हिस्सा त्याच्या पदरीं पडणार होता, हें कधीं नसतें. त्याच टापूंत, त्याच रोपासाठीं, त्याचा एखादा पूर्वज कदाचित्‌ परवाना खिशांत घेऊन मामलेदार कचेरीच्या पायऱ्या उतरला असेल. तो पूर्वज सरकारच्या वहींत शेतकरी म्हणून आहे. हा आरोपी म्हणून. मधल्या काळांत पालटलें काय, आणि त्या पालटानें कोणाचें हित झालें, एवढा प्रश्न पान उलटण्यापूर्वीं मनांत आला तरी आमच्या श्रमाचें सार्थक होईल.